देव्हाऱ्याखालचं गाठोडं

परीक्षितला कितीही चांगलंचुंगलं खायला घाला, त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखंच. त्यात आता नवी खोड लागली होती. पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरायचं आणि एकेक ड्रॉवर उघडून बघायचा.

"काय शोधतोयस रे?" द्वारकाबाईंनी मागून विचारलं.

तो दचकला. "चमचा, आजी."

"चमचे टेबलावर आहेत. देवानं डोळे दिलेत ते उगाच नव्हे."

तो मान खाली घालून गेला. चोराच्या मनात चांदणं, द्वारकाबाई मनाशी म्हणाल्या.

त्यांच्या मुलानं, उल्हासनं, आधीच बजावलं होतं. "आई, त्या परीक्षितवर नजर ठेव. हात चांगला नाही त्याचा."

म्हणून तर देव्हाऱ्याखालच्या कप्प्याची किल्ली त्यांच्या कमरेला असे. आत लाल फडक्यात कंपनीची कागदपत्रं होती. "उघडू नकोस, कुणाला सांगू नकोस," म्हणून उल्हासनं विश्वासानं दिलेली. चौथीत शाळा सुटली तरी विश्वासाला त्या पक्क्या होत्या.

टेक्सासातल्या अर्विंगमध्ये उल्हासची स्वतःची कंपनी होती. पुण्या-नागपूरहून इंजिनियर पोरं आणायची आणि इथल्या मोठ्या ऑफिसांत कामाला लावायची. न्यूयॉर्कचे ते टॉवर पडले आणि वर्षभरात कामं आटली. परीक्षित धरून सहा जण मागच्या अपार्टमेंटमध्ये बेंचवर होते, म्हणजे काम मिळेपर्यंत बसून. त्यांचं दोन्ही वेळचं जेवण द्वारकाबाईंकडे. सून सकाळी सातला नोकरीवर जाई ती संध्याकाळी येई. सहा महिन्यांसाठी म्हणून मालवणहून आलेल्या द्वारकाबाई दीड वर्ष रोज पन्नास पोळ्या लाटत होत्या.

"हे घर मी चालवते," असं त्या बहिणीला फोनवर ठसक्यात सांगत.

"ते खरं गो, पण येतंस कधी?" बहीण विचारी.

"ग्रीन कार्डाचं चाललंय. पासपोर्ट वकिलाकडे आहे. सुटला की आलेच."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नात आली. कादंबरी ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकत होती. ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली.

"आजी, आपल्यातलं कोणीतरी मॉरिशसला गेलं होतं ना? मी त्या जहाज कंपनीवर पेपर लिहितेय."

"माझ्या आज्याचा चुलता. पाच वर्षांच्या करारावर ऊस तोडायला गेला आणि तिकडेच रमला मेला. आई वाट बघून बघून गेली, पण ह्याला घर आठवलं नाही."

"रमला नसेल, आजी. मी त्या कंपनीची लेटर्स वाचली. जहाजावर चढवतानाच सगळ्यांचे पेपर्स काढून घ्यायचे. कॅप्टनच्या पेटीत लॉक. पाच वर्षं संपली तरी पेपर्स परत नाहीत. म्हणजे परतीची बोट नाही."

डाळ ढवळता ढवळता द्वारकाबाईंचा हात थांबला. "आणि इतकी माणसं गप्प बसायची?"

"कंपनी स्मार्ट होती ना. त्यांच्यातलाच एक जण स्वयंपाकाला निवडायचे. त्याला एक ब्लँकेट जास्त आणि पाण्याच्या टाकीची चावी. मग तोच बाकीच्यांवर वॉच ठेवायचा. त्याला वाटायचं, जहाज आपणच चालवतोय."

"आणि पोचल्यावर?"

"पोचल्यावर तोही ऊसच तोडायचा."

"बरी खोड मोडली," द्वारकाबाई म्हणाल्या. "आपल्याच माणसांवर पहारा करतो म्हणजे काय!"

तेवढ्यात परीक्षित ताट विसळायला आला. विसळून झालं तरी उभाच राहिला.

"आजी, दिवाळीआधी मला नागपूरला जायलाच हवं. आईचं ऑपरेशन आहे. बाबा नाहीत, घरी दुसरं कुणी नाही. तुम्ही सरांना एकदा सांगाल?"

"अरे, मग जा की! कुणी बांधून ठेवलंय तुला?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यांच्या कमरेच्या किल्लीकडे. आणि निघून गेला.

"आजी, किती मीन वागतेस त्याच्याशी!"

"तुला नाही कळायचं. चोर आहे तो."

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी पाटावर पूजा मांडली. ज्याचं पोट ज्यावर चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची, हा मालवणचा शिरस्ता त्यांनी टेक्सासातही सोडला नव्हता. विळी ठेवली, पोळपाट-लाटणं ठेवलं, नातीचा लॅपटॉप ठेवला. उल्हासचं काय ठेवायचं? तो बाहेर हार घालण्याआधी गाडी धूत होता. त्याला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना गाठोडं आठवलं.

कुंकू फडक्याला लावून चालत नाही, आतल्या वस्तूला लागावं लागतं. मुलानं उघडू नको म्हटलं होतं खरं, पण देवापुढे कसलं आलंय गुपित? त्यांनी गाठ सोडली.

निळ्या पुस्तिका निघाल्या, वर सोनेरी सिंह. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण फोटो ओळखायला शाळा लागत नाही. पहिल्याच पुस्तिकेत परीक्षित होता. फोटोत चक्क हसत होता.

पोरं सहा होती. पुस्तिका सात निघाल्या.

कुंकवाचं बोट तसंच धरून त्यांनी सातवी उघडली. बाहेर पाइपचं पाणी गाडीवर पडत होतं. मग बोट पदराला पुसून त्या उठल्या आणि मागचं दार उघडलं.

"परीक्षित, इकडे ये."

तो उंबऱ्यापाशी येऊन थांबला. त्यांनी त्याची पुस्तिका त्याच्या हातात दिली, आणि गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चोर तू नव्हेस रे बाबा. आता तिकीट काढशील तेव्हा दोन काढ. माझाही पासपोर्ट वकिलाकडून सुटला."