शांततेचं मिनिट

“पुन्हा लाव,” सार्जंट टेनंट म्हणाले. तोंडात सॉसेजचा पाव होता, त्यामुळे हुकूम जरा मऊच निघाला.

एल्स्पेथनं रेकॉर्डिंग मागं नेलं. कालच्या फुटबॉल सामन्याचं. हिरव्यांचा, म्हणजे कॅथलिकांच्या संघाचा, एक जुना खेळाडू वारला होता. त्याच्यासाठी निळ्यांनीही, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या संघाच्या पाठीराख्यांनीही, मिनिटभर गप्प राहायचं होतं, आणि ते राहतात की नाही हे टिपायला एल्स्पेथ वर्दीत, कॅमेरा घेऊन, निळ्यांच्या स्टँडपुढं उभी होती. शिट्टी वाजली. हजारो माणसं चिडीचूप झाली. कुणीतरी खोकलं, वर एक समुद्रपक्षी ओरडला. आणि मग कुणीतरी हळूच ते गाणं म्हणायला लागलं. कॅथलिकांच्या मढ्यांवर नाचून घरी जाऊ, असलं काहीतरी त्यात आहे. ग्लासगोत त्याच्यापायी लोकांची डोकी फुटतात, म्हणून सामन्यात ते म्हणणं गुन्हा.

“साहेब, एकाचेही ओठ हलत नाहीयेत.”

“लॅमंटचं तोंड मफलरखाली आहे. बाकीच्यांची दिसतायत, मग राहिलं कोण? सही कर पोरी, मला रविवारी घरी जेवायचंय.”

क्रेग लॅमंट खाली कोठडीत बसला होता. तो शाळेची बस चालवायचा. असला गुन्हा अंगाला चिकटल्यावर त्याच्या बसमध्ये कुणी पोरं बसवणार नव्हतं. आवाज त्याचाच, एवढं एल्स्पेथनं लिहून दिलं की झालं.

“तो काय म्हणतो?”

“म्हणे, त्या कॅमेरावाल्या बाईलाच विचारा, तिला माहितीये कोण गात होतं.” टेनंटनी बोटं चाटली. “दीडशहाणा लेकाचा.”

तिला माहीत नव्हतं. गाणं मात्र माहीत होतं. तिचे वडील कट्टर निळे. ती लहान असताना तिच्या डोक्याला साबण चोळत ते हेच म्हणायचे, आणि अर्थ कळेपर्यंत तिचं ते पाठ होऊन बसलं होतं. परवा ती मुलीला थोपटत होती, तेव्हा तिचा नवरा डेक्लन इस्त्री करता करता थांबला. तो कॅथलिक, मुलीचा बाप्तिस्माही त्याच्याच चर्चमध्ये झालेला. “चाल असू दे गं,” तो हळूच म्हणाला, “शब्द तेवढे नको.” ती शरमून गेली होती. आपण नुसतं गुणगुणतोय असंच तिला वाटत होतं.

तिनं आवाज वाढवला. खोकला लांबून आला, पक्षी त्याहून लांबून. गाणं जवळ होतं. दोन ओळींच्या मध्ये कुणीतरी श्वास घेतलेला ऐकू येत होता.

“हे सगळे इकडं का बघतायत?” तिनं विचारलं.

“कॅमेरा दिसला की डोळे वटारतातच ते. नवीन आहे का तुला?”

पण ते वटारलेले डोळे नव्हते. पहिल्या रांगेतला म्हातारा टोपी छातीशी धरून भांबावल्यासारखा बघत होता. त्याच्या शेजारच्या बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, मग तोही बघायला लागला. लॅमंटही बघत होता. आणि कुणाचीच नजर कॅमेऱ्यात नव्हती. त्याच्या जरा वर होती, कॅमेरा धरणाऱ्याचा चेहरा असतो तिथं.

एल्स्पेथनं बटण दाबून चित्र थांबवलं. पेन कागदाशेजारी पडलं होतं. तिनं ते उचललं नाही, सरकवलंही नाही. पडद्यावरचा लॅमंट मफलरच्या वरून तिच्याकडे बघत होता आणि तिला त्याच्यावरून नजर काढता येईना.

टेनंट उठून किटलीकडे गेले. दोन कप घेतले, तिच्या कपात साखर टाकली. पाणी उकळायला लागलं.

“आता बास झालं,” ते पाठमोरेच म्हणाले. “बंद कर ना ते गाणं.”

“बंदच केलंय, साहेब,” असं तिला म्हणायचं होतं. पण तोंडातून गाण्याची पुढची ओळ आली.

टेनंट वळले. चमचा त्यांच्या हातातच राहिला. स्टँडमधली माणसं बघत होती तसेच ते तिच्याकडे बघत राहिले.

एल्स्पेथनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तेव्हा कुठं खोलीत शांतता झाली.