तिच्या गोळ्यांवर पहारा

"एकही गोळी घेऊ देत नाही मी हिला, तापातसुद्धा नाही," प्रथमेश अभिमानानं म्हणाला.

काही औषधं घेता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं संपदाला. उत्तर नेहमीप्रमाणे नवऱ्यानं दिलं.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल होत नव्हतं. त्यामुळे संपदाच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर प्रथमेशची नजर असे. पपई घरात येत नव्हती. गेल्या हिवाळ्यात ती तापानं फणफणली, तेव्हा त्यानं तिच्या हातातली तापाची गोळी काढून घेतली आणि बँकेतून सुट्टी काढून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसला. असा जपणारा नवरा नशिबानं मिळतो, असं शेजारणी म्हणत. संपदालाही ते पटायचं.

जबलपूरपासून नागपूरपर्यंत तिच्याच तपासण्या झाल्या. सगळ्या ठीक निघाल्या. त्याची मात्र एकच, तीही या बाईंनी हट्ट धरला म्हणून. त्याच्या त्या तपासणीचा रिपोर्ट आता टेबलावर होता.

"तापाची गोळी चालली असती," बाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही काय औषध घेता?"

प्रथमेश हसला. "माझं काय मॅडम? मूल हिला व्हायचं आहे."

"रिपोर्टमध्ये शुक्राणू नाहीत. एकही नाही. म्हणून विचारते."

प्रथमेश पुटपुटला, जिममध्ये इंजेक्शन घेतो. ताकदीचं. बाईंनी नाव विचारलं आणि चष्मा काढून ठेवला. पुरुषी हार्मोन असं बाहेरून मिळत राहिलं, की शरीर आपलं काम थांबवतं, शुक्राणू तयार होणंही थांबतं, असं त्यांनी समजावलं. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचं काही महिन्यांत पूर्ववत होतं, पण खात्री कोणी देत नाही. आता आपल्या मनानं काही करू नका म्हणाल्या, आणि हार्मोनच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं.

बाहेर नागपूरच्या सदर बाजारातल्या रस्त्यावर रिकाम्या ऑटो समोरून जात होत्या. त्यानं एकीलाही हात केला नाही. संपदा कधी आवाज चढवत नसे. आज भर बाजारात ती थांबली.

"मी तापात जळत होती तं गोळी हिसकावली तुम्ही. अन् स्वतः सुया टोचून राहिले होते? काहून जी? दंड दाखवायचे होते कोणाले?"

प्रथमेशनं मान वर केली नाही. शर्टाच्या बाह्या तटतटत होत्या, पण आवाज पार बसला होता.

"जिमवाला म्हणाला होता, भैया, ये लगवा लो, साल भर में बाप बन जाओगे."