एसीतली झोप

"रात्री कसं होतं यांना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

विजयमाला बाथरूममध्ये गेली होती. तिच्या नवऱ्याने, गुंडाने, बंद दाराकडे एकदा पाहिलं.

"कळ आली हुती म्याडम. लय तळमळत हुती."

"अस्सं. म्हणजे खडा अजून अडकलेलाच आहे." बाईंनी फाईल उघडली. "मग आता वाट बघायला नको. उद्या सकाळी कमरेत इंजेक्शन देऊन दुर्बिणीने काढू. आज घरी सोडत नाही."

त्या निघून गेल्या. गुंडा पलंगाशेजारच्या बाकड्यावर मटकन बसला. दुर्बीण वगैरे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला फक्त आणखी एक रात्र हवी होती.

फौजेत होता तेव्हा त्याला कुठेही झोप लागायची. बर्फातल्या तंबूत, चालत्या ट्रकमध्ये, दगडावर डोकं टेकून. पेन्शन घेऊन पलूसकडच्या आपल्या गावी आला आणि झोप उडाली. घर पत्र्याचं. दिवसभर तापलेला पत्रा रात्रभर भाजत राहायचा. पंखा तीच वाफ फिरवायचा. अंगणात बाज टाकावी तर डास फोडून काढायचे. त्यात उसाला पाणी पाजायचं तर मोटारीची लाईट नेमकी रात्रीची. उन्हाळाभर तो कूस बदलत सकाळ करायचा, आणि मग दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसायचा. जास्त करून विजयमालावर.

मुतखड्याने ती लोळायला लागली तेव्हा जीप करून त्याने तिला सांगलीला आणलं. मिल्ट्रीच्या कार्डावर दवाखाना फुकट होता. साध्या वॉर्डात खाट रिकामी नव्हती, म्हणून त्यांना या एसीच्या खोलीत टाकलं. पहिली रात्र तिच्या कण्हण्यात गेली. दुसऱ्या रात्री इंजेक्शनाने ती शांत झाली. गुंडा बाकड्यावर जरा पाठ टेकायला म्हणून आडवा झाला, तो एकदम सकाळी चहावाल्याच्या हाकेने उठला. मान कोरडी. बनियन कोरडं. डोकं हलकं. कालची रात्रही तशीच गेली.

आणि आज सकाळी विजयमालाने बशीभर पोहे खाल्ले, वेणी घातली, झाडायला आलेल्या बाईशी तिच्या लेकीच्या लग्नाचं बोलत बसली. विजयमाला बरी झाली होती. कुणालाही दिसलं असतं. आता घरी सोडणार, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला वाईट वाटलं.

बायको बरी झाली म्हणून वाईट वाटलं! असला विचार आपल्या मनात आला कसा, या शरमेतून तो बाहेर येतोय तोवर डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या. आणि तोंडातून ते खोटं निघून गेलं होतं.

विजयमाला बाहेर आली. "काय म्हणाल्या वं बाई?"

"उद्या सकाळी दुर्बीण घालायची म्हणत्यात."

तिने पदराने तोंड पुसलं आणि पलंगावर चढली. "बरं," एवढंच म्हणाली.

ती दोन शब्द वाईट बोलली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. दुपारी कँटीनचं जेवण त्याने तसंच ठेवलं. तो खाली जाऊन रस्त्यावरच्या उन्हात उभा राहिला. वडापच्या जीपवाले गिऱ्हाइकांना ओरडत होते, डांबर पायाखाली मऊ लागत होतं. आपल्याला असंच उन्हात उभं करायला पाहिजे, त्याला वाटलं.

संध्याकाळी सिस्टर आली. "मावशी, रात्री दहानंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही हं."

विजयमालाने मान डोलावली. सिस्टर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "कमरेतली सुई लय मोठी असती काय वं?"

गुंडाला पुढे ऐकवेना. तो उठला आणि तडक खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. त्या निघायच्या तयारीत होत्या.

"म्याडम, मी खोटं बोललो."

"काय झालं?"

"रात्री तिला कळ-बीळ काय आली न्हाई. आली असती तरी मला कळली नसती. मी झोपलो हुतो, मेल्यागत. घरी झोप लागत न्हाई, उकडतंय. हितं एसी हाय. एक रात मिळावी म्हणून बोलून गेलो." त्याने हात जोडले. "मला काय बी बोला. पर त्या बाईला सुई लावू नका."

बाईंनी पर्स खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काका, मी तुमच्या एकट्याच्या सांगण्यावरून ठरवलेलं नाही. तुम्ही सकाळी चहाला खाली गेला होतात ना, तेव्हा मी त्यांनाच विचारलं होतं. कळ थांबत नाही, असं त्या स्वतः म्हणाल्या. काल सकाळीही हेच म्हणाल्या होत्या."

गुंडा दाराकडे वळला. म्हणजे दोन्ही रात्री ती दुखणं सोसत होती. हाताच्या अंतरावर. आणि आपण गार वाऱ्यात पसरलो होतो. उठवायचं नको म्हणून ओठ दाबून पडली असेल, पोहेसुद्धा आपल्याला दाखवायला खाल्ले असतील.

लिफ्टची वाट न बघता तो जिने चढला. खोलीत आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"माले, एवढं दुखत हुतं तर मला उठवलं का न्हाईस गं? मी काय मेलो हुतो?"

विजयमालाने त्याच्याकडे पाहिलं. मग पलंगावरून टुणकन खाली उतरली, दार लोटून घेतलं आणि आवाज अगदी बारीक केला.

"हळू बोला की, सिस्टर ऐकल. खडा परवा रात्रीच पडला वं. सकाळी सांगते बाईस्नी, आता बरं वाटतंय म्हणून. आजची रात तेवढी झोपा निवांत."