वेदांगचा एक चाहता

मुनीरने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "साब, सगळ्या कॉमेंट टाकू की एक-दोन बस?"

"सगळ्या," सूर्यकांत म्हणाला. "एकही सोडू नको."

पोलिसांकडे द्यायचा लेखी जबाब अरबीत हवा, म्हणून हमरियाच्या गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो शारजातल्या या टायपिंग सेंटरमध्ये येऊन बसला होता. मुनीर केरळचा. तीस वर्षं इथे लोकांचे अर्ज लिहून देत होता. त्याने चौदाच्या चौदा कॉमेंट सावकाश वाचल्या.

"कोणी शिकलेला माणूस आहे, साब. एक गाली नाही. तरी कसं टोचतो बघा."

ते सूर्यकांतला सांगायची गरज नव्हती.

त्याचा मुलगा वेदांग एकोणीस वर्षांचा. दुबईच्या एका क्लबकडून रग्बी लीग खेळायचा. मोसमातल्या तिसऱ्याच सामन्यात दोघं एकदम अंगावर आले, पाय जमिनीत रुतला आणि गुडघा फिरला. आतला स्नायुबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, नऊ महिने मैदानाचं नाव नको, पण व्यायाम मात्र रोज हवा. क्लबने आपल्या पेजवर जाहीर केलं की वेदांग या मोसमात खेळणार नाही.

त्याखाली दोनशे माणसांनी बदाम पाठवले. लवकर ये, आम्ही वाट बघतोय. तुझ्याशिवाय संघात दम नाही. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनीही लिहिलं, ज्यांना या खेळाचा एक नियम सांगता आला नसता. वेदांग ते वाचून फुलला. पलंगावर पडल्या पडल्या पाय उचलायला लागला. नवव्या दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं की नऊ महिने वगैरे डॉक्टरांनी बोलावं, आपण पाचव्या महिन्यात मैदानात. सूर्यकांतने त्याची पाठ थोपटली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी 'टचलाइन' नावाच्या कोणा चाहत्याने इंग्रजीत पहिली कॉमेंट टाकली. 'गुडघा बरा होईल. भीती नाही होणार. ती पळताना सगळ्यांना दिसेल.'

मग रोज एक. 'हे दोनशे लोक पुढच्या शनिवारी दुसऱ्याचं नाव घेऊन ओरडतील.' 'तुझ्या जागी आलेला मुलगा तुझ्याहून चांगला आहे, हे तुला कोणी सांगितलं नाही का?'

वेदांगने व्यायाम सोडला. फिजिओथेरपिस्ट दारावरून परत गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि पुन्हा पुन्हा तेच वाचायचा.

"ब्लॉक कर त्याला," सूर्यकांत म्हणाला होता.

"ही नोज, बाबा. मला भीती वाटते, हे मी टीममध्ये कोणालाच सांगितलं नाही. हाउ डज ही नो?"

चौदाव्या कॉमेंटनंतर त्याने प्रशिक्षकाला मेसेज केला की आपण क्लब सोडतोय. "आय ॲम डन," एवढंच घरात बोलला. सूर्यकांतची आई, प्रमिलाबाई, त्याच्या उशाशी बसून होत्या. त्यांनी नातवाच्या केसांतून हात फिरवला आणि पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म अजून भरता येईल का, ते हळूच विचारलं.

सूर्यकांतला मात्र झोप येईना. तो माणूस पकडला गेला, पोराची माफी मागताना दिसला, तर पोरगं उठेल, याची त्याला खात्री होती.

आईने त्याला अडवून पाहिलं. इचलकरंजीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. त्या आवाज चढवत नसत. "सोडून दे, सूर्या. तुकाराममामा आठव."

तुकाराममामा त्याला आठवत होता तो सायकलच्या दुकानापुढे स्टुलावर, एक पाय काठीसारखा सरळ टाकून बसलेला. कबड्डीत गुडघा मोडला तेव्हा गाव हार घेऊन घरी आलं होतं. तुक्या, तुझ्यावाचून संघ नाही. मामा चौथ्या महिन्यात मैदानात उतरला आणि चौघांच्या खांद्यावरून परत आला. पुन्हा तो गुडघा वाकला नाही. पुढे हार आणणारे रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले.

"शिव्या देणाऱ्यांनी नाही घालवला त्याला," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हारवाल्यांनी घालवला."

म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक गोष्टीवर एक जुनी गोष्ट आठवते, असं मनात म्हणून सूर्यकांतने तक्रार ऑनलाइन नोंदवली होती. आता पोलिसांनी लेखी जबाबासाठी बोलावलं होतं.

मुनीर दुभाषा म्हणून सोबत आला. पोलीस ठाण्यातला अधिकारी तरुण होता, वागायला अदबशीर. त्याने जबाब वाचला आणि काही विचारलं.

"साब, ते म्हणतात, माणूस आता सापडेल," मुनीर म्हणाला. "खात्याला जोडलेला फोन नंबर मिळाला. पण आधी तुमचं मन सांगा. माफीवर मिटवायचं, तर इथेच खलास. पुढे गेलं, तर दंड होईल. डिपोर्टही करू शकतात."

"मिटवायचं नाही."

अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. मुनीरने खालच्या आवाजात स्वतःचंही घातलं, "बालबच्चेवाला असेल, साब."

"माझंही बाळच आहे," सूर्यकांत म्हणाला. "त्याला विमानात बसवून परत पाठवा. लिहा, तडजोड नको."

मुनीरने लिहिलं. सूर्यकांतने सही केली, तारीख घातली, अंगठाही उमटवला. अधिकाऱ्याने कागदावर शिक्का मारला आणि सूर्यकांतचं ओळखपत्र मागून घेतलं. ते यंत्रात घालून तो पडद्याकडे बघत राहिला. मग ओळखपत्राकडे. मग त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि मुनीरशी फार हळू बोलला.

मुनीर चष्मा सावरून पडद्यावरचं वाचू लागला.

"काय म्हणतात?"

"साब, ते विचारतात, या नंबरचं सिम तुमच्याच कार्डावर घेतलेलं आहे. वापरतं कोण?"

सूर्यकांत पुढे वाकला. नंबरच्या शेवटी एक, नऊ, सात, चार होतं. त्याचं जन्मसाल, आईला चटकन पाठ व्हावं म्हणून दुकानात अर्धा तास घालून त्यानेच निवडलेलं.