वाढत्या अंगाचं

"आबा, शीड मोठं व्हई गयं!"

फोनमधून आधी वारा ऐकू आला, मग प्रेमराजचा आवाज. नवल टेलरने मशीन थांबवलं. धुळ्यात हायवेच्या कडेला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा माणूस. समुद्र त्याने फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. पोरगा मात्र मालवणला शिडाच्या बोटीवर कामाला. बोटीचं पुढचं शीड फाटलं तेव्हा त्यानेच मालकाला ऐटीत सांगितलं होतं, माझे आबा शिवून देतील.

"मंग गुंडाळी टाक ना!"

"गुंडाळाये नही. डोलकाठीले अडकी ऱ्हायनं. वारा वाढी ऱ्हायना, आबा. बोट आडवी व्हई ऱ्हायनी."

"आनि धाकलं शीड?"

"ते बंदरवरच ठेई उनू. तुम्हनं शिवेल व्हतं ना, म्हनीसन हाईच लावं."

म्हणजे लहान शीड बंदरावरच राहिलं होतं, आणि बोटीवर होतं ते नवलच्या हातचं. पोराने माप बरोबर पाठवलं होतं. पण ताडपत्रीआधी नवलने शाळेचे गणवेश शिवले होते, आणि लेकराचं कापड वाढत्या अंगाचंच शिवायचं, ही हाताची सवय. कडेने हातभर कापड त्याने जास्त सोडलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. वर बायकोला कौतुकाने दाखवलंही होतं.

"कापी टाक!" तो ओरडला. "चाकू लाव, फाडी टाक बठ्ठं!"

"काय? आबा, आयकू ये नही..."

फोन बंद पडला. नवलने पुन्हा लावला, पुन्हा लावला. फोनमधली बाई दर वेळी तितक्याच गोड आवाजात सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही.

त्याची बायको सुंदरबाई पिठाचे हात तसेच घेऊन आतून आली. "काय व्हयनं? माप बराबर व्हतं ना?"

नवलला तिच्याकडे बघवेना. हातात कात्री होती आणि कापड समुद्रात होतं. इतका लाचार तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

भिंतीला टांगलेली अर्धी शिवलेली ताडपत्री पंख्याच्या वाऱ्याने फुगली, पुढे आली, फडफडली.

बाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं भाजत होतं. नवल उठला आणि त्याने पंखा बंद केला.