खाडीकाठचा कौल

"खाडीकाठी तेलाची विहीर खोदू द्यायची, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," सरपंच हरेश्वर म्हणाला आणि सवयीने त्याने आधी धाकट्या बहिणीकडे पाहिलं.

गोमतीने हात मांडीवरच ठेवला. नवरा बुडाला तेव्हा याच भावाने तिला लेकरासकट माहेरी आणलं होतं. आजवर ती त्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. पण ग्रामसभेला आलेल्या, खाडीतली कालवं काढून विकणाऱ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या. खाडीत तेल उतरलं तर त्यांच्या चुली पेटणार नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"गोमू, तुझ्या पोरालाही नोकरी लागेल," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"ठाऊक आहे, दादा. तरी माझा विरोध आहे."

विरोधातल्यांना हात वर करायला सांगितलं तेव्हा तिचा हात पहिला वर गेला. मागोमाग साऱ्या बायकांचे गेले. ठराव पडला. हरेश्वर सभा आटोपून निघून गेला.

घरी येऊन गोमती गाठोडं बांधू लागली. तेवढ्यात तो दारात आला.

"हे काय चाललंय?"

"आता तुझ्या घरात कोणत्या तोंडाने राहू?"

हरेश्वरने गाठोडं तिच्या हातून काढून घेतलं. "तू चुकलीस, असंच मला वाटतं. उद्याही तेच म्हणेन. पण घर आपल्या बापाचं आहे. तुझंही तेवढंच. चल, भूक लागलीय, वाढ."

गोमतीने पानं मांडली, आणि जेवण होईपर्यंत दोघं भावंडं त्याच विषयावर मनसोक्त भांडत राहिली.