कपाटातला एकमेव चेंडू
१९०८चा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा हंगाम नेब्रास्कातल्या आमच्या कॉलेजच्या इतिहासात अजरामर आहे. पहिले पाच सामने आम्ही हरलो, सहावा उरला होता. जिंकणाऱ्याने सामन्याचा चेंडू घरी न्यायचा रिवाज. म्हणून आमचं बक्षिसांचं कपाट रिकामं होतं. त्यात पाहुण्या संघाचा एक गडी गालगुंडाने आजारी पडला, त्यांचे दहाच उरले. शेवटची संधी हुकू नये म्हणून कप्तान हॅल्वरने आमचा बारावा गडी एल्मर त्यांना उसना दिला. वर्षभर बाकावर बसलेला एल्मर चेंडू काखेत घेऊन आम्हा अकराही जणांना चुकवत रेषेपार गेला; त्याचे तेव्हा पाच गुण मिळत. “गाढवा, आमच्याकडून कधी असा पळाला नाहीस?” हॅल्वर म्हणाला. “तू चेंडू दिलास कधी?” एल्मरने विचारलं. पाहुण्यांनी उपकार स्मरून चेंडू एल्मरलाच दिला, त्याने तो आमच्या कपाटात ठेवला. हॅल्वरने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. चेंडूवर पांढऱ्या रंगाने ‘पाच-शून्य’ लिहिलंय. ते पाच गुण त्यांचे.